एमआयडीसीत नवीन सुपरवायझर झालात? माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, स्टेप बाय स्टेप

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा कुठल्यातरी एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ३०-४० माणसं आहेत, तुम्ही कालपर्यंत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर किंवा सेटर (मशीन जुळवून देणारा) होतात किंवा डिप्लोमा करून नुकतेच लागलात, आणि मालकांनी एके दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की उद्यापासून सेकंड शिफ्ट तुमची. पगार थोडा वाढला, शर्टाचा कलर बदलला, बास. मशीन कसं चालवायचं याचं ट्रेनिंग मिळालं होतं, माणसं कशी सांभाळायची याचं कोणी दिलं नाही आणि देणारही नाही. बारावी कॉमर्सला ज्यांनी ओसीएम (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) केलंय त्यांना नियोजन, संघटन, निर्देशन ही यादी आठवत असेल, मार्कांपुरती सगळ्यांनी पाठ केलेली. इथं त्यातल्या निर्देशनाबद्दलच बोलायचंय, म्हणजे काम सांगणं, ते करून घेणं, माणसाचा उत्साह टिकवणं आणि वर-खाली दोन्हीकडे बोलणं चालू ठेवणं, फक्त पुस्तकातलं नाही, शॉप फ्लोअरवरचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "पोरं कामच करत नाहीत" हे वाक्य प्रत्येक वर्कशॉपमध्ये ऐकू येतं, आणि जरा खोलात गेलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी निघतात, एकतर काम नीट सांगितलेलं नसतं नाहीतर आधी दिलेला शब्द पाळलेला नसतो. पोरगा खरंच कामचोर निघणं ही तिसरी गोष्ट, ती पण असते, नाही असं नाही, पण तिचा नंबर खूप नंतर लागतो.

पायरी १: पहिला आठवडा काही बदलू नका, वही घ्या

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी काहीतरी करून दाखवायची खाज असते. मशीनची जागा बदलू, चहाची वेळ बदलू, मोबाईल बंद करू. थांबा. सेफ्टीचं काही दिसलं, गार्ड काढून मशीन चालतंय, इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय) बायपास केलाय, तर ते त्याच मिनिटाला बंद करा, त्यात आठवडा थांबायचं नाही. बाकी सगळं आधी बघा.

एक साधी वही करा. एका बाजूला माणसांची नावं, वरती मशीन आणि कामं. प्रत्येकाच्या समोर चार प्रकारची खूण, अजिबात येत नाही, कोणी शेजारी असेल तर येतं, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. मोठ्या कंपन्यांमध्ये याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात आणि बोर्डावर गोल काढून लावतात, पण ऑडिटसाठी रंगवलेला बोर्ड वेगळा आणि तुम्ही स्वतः मशीनपाशी उभं राहून भरलेली वही वेगळी. त्याच वहीत हेही लिहा की हा कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराचा, राहतो कुठं, येतो कशाने. आळंदीवरून सायकलवर येणारा आणि कंपनीच्या दारात खोली घेऊन राहणारा, दोघांना "उद्या एक तास लवकर ये" म्हणणं सारखं नसतं.

आणि ज्यांच्याबरोबर काल टपरीवर चहा पीत होतात ते आज तुमच्या हाताखाली आले असतील, तर त्यातल्या जवळच्या दोघा-तिघांशी पहिल्या दोन दिवसात स्वतःहून बोला. "चहा चालूच राहणार पण गाडी लेट झाली तर लेटच लागणार, तुला पण आणि मला पण" एवढं बोललं तरी पुरतं. हे न बोलता तसंच पुढं गेलं की महिन्याभरात बाकीची पोरं म्हणायला लागतात की साहेबांचा ग्रुप वेगळा आहे, आणि ते एकदा चिकटलं की निघत नाही.

पायरी २: शिफ्टची पहिली ५ मिनिटं

पंचिंग झाल्यावर पोरं थेट मशीनवर जातात आणि मग सुपरवायझर प्रत्येक मशीनवर जाऊन वेगवेगळं सांगत फिरतो, त्यात पाऊण तास जातो. त्यापेक्षा सगळ्यांना एका जागी उभं करा, बसवू नका, बसले की मीटिंग लांबते. बोलायचं काय तर काल कुठं लागलं-बिगलं का, काल रिजेक्शन कशामुळे आलं, आज कुठला पार्ट किती जायचाय आणि कोण कुठल्या मशीनवर. शेवटी "कोणाला काही अडचण?" आणि खरंच १० सेकंद गप्प राहायचं. सुरुवातीला कोणी बोलत नाही. मग कधीतरी एक जण म्हणतो की कूलंटचा वास येतोय चार दिवस झाले, आणि तुम्ही ते दुसऱ्या दिवशीपर्यंत बदलून घेतलंत की पुढच्या आठवड्यापासून दुसरे बोलायला लागतात. नाही बदललंत तर ती १० सेकंद कायमची शांत राहणार.

भाषण देऊ नका. "आपण सगळे एक फॅमिली आहोत" वगैरे तर अजिबात नको, पोरं मनात हसतात.

याच्याच जोडीला शिफ्ट बदलताना लिहायचं लॉगबुक. बहुतेक ठिकाणी त्यात "मशीन ४ प्रॉब्लेम आहे, बघून घेणे" असं लिहिलेलं असतं. आता रात्रीच्या माणसाने यातून काय समजायचं? तेच असं लिहा (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, एच७ म्हणजे त्याच्या मापाची ठरलेली मर्यादा, इन्सर्ट म्हणजे कापणारी छोटी टीप, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती): "सीएनसी ४, बोअर २५ एच७, इन्सर्ट घासत आल्यामुळे साइज कमी होत चाललीय, २५.००२ पर्यंत आली होती, ऑफसेट ०.०१ वाढवला, आता २५.०१२ येतंय, पुढचे ५० पीस काढून इन्सर्ट बदला, नवीन इन्सर्ट लावल्यावर ऑफसेट परत चेक करा." लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि रात्रीचा अर्धा तास वाचतो, वर सकाळी "तुमच्या शिफ्टने माल खराब केला", "नाही तुमच्या शिफ्टने" ही जी रोजची भांडणं असतात ती निम्म्याने कमी होतात. शिफ्ट बदलताना १० मिनिटं तरी दोन्ही सुपरवायझर मशीनपाशी एकत्र असावेत, गेटवर जाता जाता हात दाखवून हँडओव्हर होत नाही.

पायरी ३: काम सांगायचं कसं (हा सगळ्यात मोठा भाग आहे, घाई करू नका)

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यांपुढं मोठा प्रश्न आला, अनुभवी कामगार सैन्यात निघाले आणि ज्यांनी आयुष्यात कधी मशीनला हात लावला नाही अशी माणसं, त्यात बायका खूप, कामावर यायला लागली आणि उत्पादन तर दुप्पट-तिप्पट पाहिजे. तेव्हा १९४० मध्ये तिथल्या सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला, खास सुपरवायझर लोकांसाठी. त्यातली काम शिकवायची पद्धत एका छोट्या कार्डावर मावायची, चारच टप्पे: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर जाऊन बघत राहा. युद्धानंतर हे जपानला गेलं, टोयोटाने तर आपल्या पद्धतीत मुरवूनच टाकलं. आणि त्या कार्डावर सगळ्यात शेवटी लिहिलेलं असायचं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. आपल्याकडे उलटं असतं, पोरगा शिकला नाही तर पोरगा ढ.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघू. आयटीआय करून एक ट्रेनी आलाय, त्याला सीएनसीवर जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) लोड करायला शिकवायचंय. नेहमीची पद्धत म्हणजे जुना ऑपरेटर फटाफट दोन जॉब लावून दाखवतो, "असं लावायचं, कळलं का?", पोरगा मान हलवतो, ऑपरेटर चहाला.

चार टप्प्यांची पद्धत अशी. आधी त्याला विचारायचं की पूर्वी चक (जॉब पकडणारा मशीनचा भाग) बघितलाय का, कुठल्या मशीनवर हात बसलाय, पार्ट हातात द्यायचा आणि हा गाडीत कुठं बसतो ते सांगायचं, हे शेवटचं कोणी सांगत नाही पण पार्ट कुठं जातो ते कळलं की पोरगा तो वेगळ्या नजरेने धरतो. मग स्वतः लावून दाखवायचा, पहिल्यांदा नुसतं काय करतोय ते बोलत: एअर गनने जॉ (चकचे पकडणारे दात) साफ, जॉब आत, मागच्या स्टॉपरला टेकवायचा, पायाने स्विच दाबायचा, हात काढायचा, मग दार लावायचं. दुसऱ्यांदा लावताना मोक्याच्या जागा: जॉच्या खाचेत चिप (कापलेल्या धातूचा कचरा) राहता कामा नये, जॉब मागे टेकल्याचा हाताला अंदाज आला पाहिजे, पायाचा स्विच दाबताना बोटं जॉ आणि जॉबच्या मध्ये नकोत. तिसऱ्यांदा लावताना का ते सांगायचं: चिप राहिली तर फेस वाकडा येतो, पीस बाद. टेकला नाही तर लांबी चुकते. बोट राहिलं तर बोट जातं. इथं नुसतं "जपून लाव" म्हणू नका, कारण सांगा.

त्यानंतर त्याच्या हातात द्यायचं आणि तुम्ही गप्प. पहिल्यांदा त्याला नुसतं करू द्या, चुकला तर तिथंच थांबवा. मग करताना बोलायला लावा, काय करतोय, मोक्याची जागा कुठली, का. तो स्वतःच्या तोंडाने "चिप राहिली तर फेस वाकडा येईल" म्हणाला म्हणजे ते आत गेलं. शेवटी त्याला एकटं सोडायचं पण सांगून सोडायचं की अडलं तर या काकांना विचार, मी अर्ध्या तासाने येतो, आणि खरंच अर्ध्या तासाने जायचं, मग दोन तासाने, मग जेवणानंतर.

"कळलं का?" हा प्रश्न डिक्शनरीतून काढून टाका. त्याला उत्तर एकच येतं, हो. त्याऐवजी विचारा "पहिला पीस काढल्यावर कुठं कुठं मोजणार आणि कशाने?" जर तो म्हणाला व्हर्नियरने बोअर मोजतो, तर तुम्हाला तिथंच कळलं की बोअर डायल (भोक बारीक मोजायचं गेज) अजून शिकवायचाय, ५० पीस निघून गेल्यावर नाही.

रोजचं साधं काम सांगताना एवढं सगळं लागत नाही पण पाच गोष्टी तोंडातून गेल्याच पाहिजेत, कोणी करायचं, काय, किती, कधीपर्यंत आणि झालं हे कशावरून समजायचं. "ते रिवर्कचं जरा बघून घ्या रे" हे तीन जणांच्या मध्ये उभं राहून बोललं की ते कोणीच बघत नाही, तिघांनाही वाटतं दुसऱ्याला सांगितलं. त्यापेक्षा एकाकडे बघून नाव घेऊन सांगा, "लाल बिनमधले ४० पीस, फक्त बर (कडेला राहिलेली धार) काढायची, चहाच्या आत, झाले की क्वालिटीला दाखवून हिरव्या बिनमध्ये टाक." बास. यात रागवायची, आवाज चढवायची काही गरज पडत नाही.

भाषेचं पण बघा. आपल्या इकडच्या शॉपमध्ये मराठवाडा-विदर्भातली पोरं असतात तशीच बिहार, यूपी, ओडिशाची असतात. ओडिशाच्या नव्या पोराला हिंदी पण अर्धीच येते आणि तो विचारत नाही, हसून मान डोलावतो. त्याच्यासाठी मशीनवर चांगला पीस आणि खराब पीस शेजारी शेजारी लावून ठेवा, कुठं खराब आहे तिथं मार्करने गोल करा. लिहिलेल्या सूचनेपेक्षा हे दसपट चालतं, आणि खरं सांगायचं तर मराठी पोरांसाठीसुद्धा तेच जास्त चालतं. शेजारी त्याच्याच गावाकडचा एखादा जुना असेल तर पहिले दोन आठवडे त्याच्या बाजूच्या मशीनवर ठेवा.

पायरी ४: वरचं खाली आणि खालचं वर

सुपरवायझर मध्ये असतो. वरून मालक सांगतात "काहीही करून आज माल गेला पाहिजे", तेही कस्टमरचा फोन ऐकूनच आलेले असतात. आता ते वाक्य तशाच्या तसं, त्याच आवाजात खाली फेकणारा सुपरवायझर नुसता स्पीकर झाला, त्यासाठी वेगळा पगार कशाला. तुमचं काम म्हणजे त्याचं कामात रूपांतर करणं: चाकणला गाडी ६ वाजता निघणार, ३०० पीस पाहिजेत, २१० झालेत, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) अडीच मिनिट, म्हणजे एका मशीनवर पावणेचार तास, आत्ता १ वाजलाय, म्हणजे मध्ये एक इन्सर्ट बदलला, क्वालिटी आणि पॅकिंगचा वेळ धरला तरी जमतंय, जेवणाला आलटून पालटून जाऊ. हे ऐकल्यावर पोरं स्वतः हिशोब करायला लागतात.

आणि जमत नसेल तर वर सांगायचं, लवकर सांगायचं. ११ वाजता "साहेब, स्पिंडलचा आवाज येतोय, आज २०० च होतील" म्हटलं तर मालक कस्टमरला फोन करू शकतात, दुसऱ्या मशीनवर सेटिंग लावू शकतात, दोन शिव्या घालतील पण करतील काहीतरी. तेच संध्याकाळी साडेपाचला सांगितलं तर फक्त शिव्याच उरतात. नवीन सुपरवायझर वाईट बातमी दाबून ठेवतो कारण त्याला वाटतं संध्याकाळपर्यंत सुधरेल. सुधरत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल थोडं. ग्रुप असावा, सुट्टीचं, शिफ्टचं, लाइट गेल्याचं कळवायला बरा पडतो. पण ग्रुपवर कोणाला झापू नका, खराब पीसचा फोटो टाकून खाली नाव लिहू नका. ड्रॉइंगचा फोटो तर टाकूच नका, ड्रॉइंग बदलून नवीन रिव्हिजन येते आणि कोणीतरी मोबाईलमधल्या जुन्या फोटोवरून सेटिंग करून ठेवतो, मग अख्खी बॅच बाद. ड्रॉइंग मशीनवर, कंट्रोल स्टॅम्प (चालू रिव्हिजन असल्याचा शिक्का) असलेलंच. आणि रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी १० ला "रिप्लाय का नाही" असं विचारू नका, तो झोपलाय.

पायरी ५: पीस खराब झाला, आता काय बोलणार

तुम्ही कसले सुपरवायझर आहात ते सगळ्या शॉपला इथं कळतं. समजा एक पोरगा स्वतःहून येऊन म्हणाला, "सर, ६ पीस अंडरसाइज गेले." बाजूच्या चार मशीनवरची पोरं कान देऊन ऐकत असतात. तुम्ही जर "डोळे फुटले होते का" म्हणालात तर त्या चार जणांनी त्या क्षणी ठरवलं की आपले खराब पीस स्क्रॅपच्या बिनमध्ये चिपच्या खाली ढकलायचे, नाहीतर चांगल्यात मिसळून द्यायचे. तिथून पुढं तुम्हाला रिजेक्शन कमी दिसेल आणि महिन्याने कस्टमरकडून लाइन रिजेक्शनचा (त्यांच्या लाइनवर माल बाद झाल्याचा) मेल येईल, सोबत डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी "बरं झालं सांगितलंस." मग मशीन थांबवा, आधीचे पीस वेगळे करा, शेवटचा चांगला पीस कुठला होता ते मागे मागे जाऊन शोधा. मग कारण, आणि कारण शोधताना माणूस शेवटी: गेज बरोबर आहे का, ऑफसेट कोणी बदलला, इन्सर्ट किती चालला, मटेरियलची बॅच बदलली का, फर्स्ट पीस कोणी पास केला. या सगळ्यात काही नाही सापडलं तर मग पोराकडे या. बऱ्याचदा असं निघतं की दर २० पीसला एक मोजायचा हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे परत पायरी ३.

आणि चूक खरंच निष्काळजीपणाची असेल, मोबाईलवर रील बघत होता, तर बोला, नक्की बोला, गोड गोड बोलून चालत नाही. पण बाजूला घेऊन, त्याच दिवशी, झालेल्या गोष्टीवर. "तू नेहमी असंच करतोस" हे नको, "आज ३ ते साडेतीन मोजलं नाहीस, शीटवर आकडे कोरे आहेत" हे पाहिजे, कोरी शीट समोर ठेवून. आई-बापावरून, गावावरून, जातीवरून एक शब्द नाही, शॉपमध्ये शिवी सहज चालते म्हणून लोकांना वाटतं की चालतं, समोरचा हसतो पण विसरत नाही. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर लेखी द्या आणि मग त्यात माणूस बघून फरक करू नका. मालकाच्या गावचा आहे म्हणून सोडलात की बाकीच्या सगळ्यांचं तुमच्या रजिस्टरवरचं लक्ष उडालं.

पायरी ६: मोटिव्हेशन, म्हणजे आधी पाणी, पगार आणि ओटी

आता ज्यासाठी लोक सेमिनारला पैसे भरतात तो भाग. हर्झबर्ग नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या आसपासच्या साधारण २०० इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. वाईट वाटण्याची कारणं निघाली कंपनीचे नियम, साहेबाचं वागणं, पगार, कामाची जागा. चांगलं वाटण्याची कारणं वेगळीच, काहीतरी जमलं, कोणीतरी दखल घेतली, काम स्वतःलाच आवडलं, जबाबदारी मिळाली. म्हणजे पहिला गट नीट केला तर माणूस वैतागायचा थांबतो, पण त्यानेच पेटून उठत नाही. आणि पहिला गट बिघडलेला असताना दुसऱ्या गटावर उड्या मारल्या तर काहीच होत नाही. ते लोक ऑफिसातले होते, मान्य, पण शॉप फ्लोअरवर मला हे रोज दिसतं, संडासला पाणी नाही आणि भिंतीवर "क्वालिटी हीच आमची ओळख" चं पोस्टर.

पगार ठरवणं तुमच्या हातात नसतं. पण हे बघा तुमच्या हातात काय काय आहे. ओटीचे तास तुम्ही लिहिता, ते बरोबर लिहा, कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, १९४८ च्या कारखाने कायद्यात होता आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही आहे, त्यामुळे "अर्धा तास कशाला लिहायचा" असं म्हणून तुम्ही कंपनीचे पैसे वाचवत नाही, स्वतःची पत घालवता. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे, ठेकेदाराच्या पोरांचा रखडला तर ते तुमच्याकडेच तोंड बारीक करून येणार, तेव्हा "तुझ्या ठेकेदाराला विचार" म्हणू नका, ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर द्यायची जबाबदारी कायद्याने कंपनीवरच येते, म्हणून एचआरला त्याच दिवशी कळवा. बोनसही तसाच. २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी जे पात्र आहेत त्यांना किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, त्याला "मालकांनी खूश होऊन दिला" असं रंगवू नका, पोरांना आकडा माहीत असतो.

शिफ्ट चार्ट १५ दिवस आधी लावा. रात्रपाळी कोणाला किती आली ते चार्टवर दिसलं पाहिजे. ज्या मशीनवर गरम चिप उडतात, जे सगळ्यांना नको असतं, त्यावर एकाच गरीब पोराला महिनोन्महिने ठेवू नका, फिरवा.

सुट्टीचं तर वेगळं प्रकरण आहे. आपल्या भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणजे घरच्यांची रविवारची, ह्यांची गुरुवारची, एकत्र दिवस मिळतच नाही. त्यामुळे रजा मागितली की ती हलक्यात घेऊ नका. जूनमध्ये पेरणी, पोळा, गौरी-गणपती, दिवाळी, आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, या तारखा दरवर्षी येतात, तरी दरवर्षी सुपरवायझर लोक "अचानक अर्धं शॉप रिकामं झालं" म्हणून ओरडतात. महिनाभर आधी कागद फिरवा, कोणाला कधी पाहिजे ते लिहून घ्या, मग सगळ्यांसमोर बसून वाटा. बिहारची पोरं दिवाळीत थांबून छठला जातात, मराठी पोरं दिवाळीला जाऊन छठच्या आत परत येतात, नीट बोललं तर हे आपोआप बसतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणून त्यांना हो की नाही ते लवकर सांगा, आदल्या दिवशी रजा मंजूर करून उपयोग नाही, मग पोरगा जनरल डब्यात ३० तास उभा राहतो आणि परत यायला पण उशीर करतो.

हे सगळं जागेवर असेल तर मग दुसरा गट. कौतुक करायचं तर नेमकं करा. "गुड वर्क" ला काही किंमत नाही. "काल टूल बदलायला तू १२ मिनिटं घेतलीस, आधी २० लागायची, इन्सर्ट आधीच काढून ठेवले होतेस ते बघितलं मी" हे सकाळच्या ५ मिनिटांत सगळ्यांसमोर बोला. आणि मालक राउंडला आले की ज्याने केलं त्याचं नाव घ्या, स्वतःचं नको.

पण शॉपमध्ये खरी ओढ कशाची असते म्हणाल तर पुढं सरकायची. हेल्परला ऑपरेटर व्हायचंय, ऑपरेटरला सेटर, सेटरला प्रोग्रॅम लिहायचाय. पायरी १ ची वही इथं उपयोगी पडते. प्रत्येकाच्या पुढची एक खूण कुठली ती त्याच्याशी बोलून ठरवा आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्याला ते शिकायला द्या. भीती वाटते की शिकला की दुसऱ्या कंपनीत जाईल. काही जातात. न शिकलेला मात्र जात नाही, तो तुमच्याकडेच राहतो, हा पण विचार करा.

पीसवर इन्सेंटिव्ह लावायचा विचार असेल तर जपून. नुसत्या आकड्यावर पैसे लावले की मोजणं बंद होतं आणि तपासणी शीटवरचे आकडे घरी बसून भरल्यासारखे सगळे एकसारखे यायला लागतात. लावायचाच तर क्वालिटीने पास केलेल्या पीसवर लावा, आणि पूर्ण लाइनला मिळून.

पायरी ७: जुने काका आणि बाकीचे

प्रत्येक शॉपमध्ये एक काका असतात, तुमच्या वयापेक्षा जास्त त्यांची सर्व्हिस. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग सांगतात. त्यांना तुम्ही "सूचना" देऊ शकत नाही, दिली तर ऐकतील आणि करणार नाहीत. त्यांना विचारा. "काका, हा पार्ट नवीन आहे, पकडायचा कसा, तुम्हाला काय वाटतं?" आणि ते सांगतील त्यातलं जेवढं घेता येईल ते घ्या आणि काकांनी सुचवलं म्हणून सांगा. ट्रेनी त्यांच्याकडे द्या. फक्त गॉगल न घालणं, हातमोजे घालून ड्रिल चालवणं असल्या त्यांच्या सवयी असतील तर तिथं वय बघायचं नाही, हात जोडून सांगा पण सांगाच, कारण ट्रेनी त्यांचंच बघून शिकणार आहे.

इन्स्पेक्शन, पॅकिंगला बायका असतील तर "ताई, मावशी" म्हणून काम सांगितलं की झालं असं नाही. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असायला लागते, तिच्यात कोण आहे ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे आणि त्यांना पण.

ठेकेदाराच्या पोरांना नावाने हाक मारा. "ए कॉन्ट्रॅक्टवाले" नाही. सेफ्टी शूज सगळ्यांना सारखेच, खंडेनवमीला मशीनच्या पूजेला आणि पेढ्याच्या लाइनीत पण सगळे सारखेच.

पायरी ८: महिन्यातून एकदा, प्रत्येकी १० मिनिटं

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात स्वस्त हेच आहे. प्रत्येक माणसाबरोबर महिन्यातून एकदा १० मिनिटं, मशीनपासून लांब, केबिनमध्ये नको, शेडच्या बाहेर उभं राहून चालेल. तीन प्रश्न पुरतात. काम करताना सगळ्यात जास्त वेळ कुठं वाया जातो? पुढं काय शिकायचंय? माझ्याकडून काय राहिलंय? तिसऱ्याला सुरुवातीला "काही नाही सर" येईल, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हळूच काहीतरी येतं, उचल मागितली होती त्याचं काय झालं, शूज फाटलेत, त्या मशीनचं दार लागत नाही.

जे येईल ते त्याच्यासमोर वहीत लिहा, तारीख टाकून. दर गुरुवारच्या आधी ती यादी काढून बघा, जे झालं ते त्याला जाऊन सांगा, जे वर अडकलंय ते कुठं अडकलंय तेही सांगा. आणि जे होणारच नाही त्याला त्याच आठवड्यात सरळ नाही म्हणा, कारणासकट. "बघतो" म्हणून लटकवू नका.